सुधारून वाढवलेली आवृत्ती

रसीन, विस्कॉन्सिन. ऑरिन टॉल्फसनच्या तळघरात
भट्टीशेजारी अजून तेच टेबल आहे,
डगमगणाऱ्या पायाखाली नियमांची तिसरी आवृत्ती.
ती आम्हाला कधी पटली नाही.
उंचीला मात्र बरोबर बसते.

पहिले फासे आले तेव्हा त्यांचे आकडे
नुसते खोदलेले होते, रंगाशिवाय.
सोबत मेणाचा एक खडू,
ज्याने त्याने आपापलं नशीब घासून भरून घ्यायचं.
मी चौदा वर्षांची, टेबलावरची एकटीच मुलगी.
माझ्या वीसच्या शून्यातलं पांढरं मेण
आजही नखाला लागतं.

तेव्हा चिलखत जितकं भक्कम तितका आकडा लहान,
शून्याच्याही खाली गेलात की जवळपास अभेद्य.
असं का, ते ऑरिनलाही सांगता यायचं नाही.
बुटका म्हणजे बुटकाच,
त्याला जादूगार व्हायची सोय नव्हती.
आणि अंगातला शेवटचा अंक खोडला गेला की मेलात.
पुढे चर्चा नाही.

ग्लेन कोवाल्स्कीचा बुटका, हाल्डोर,
पेटीच्या कुलपातल्या विषारी सुईने गेला
रात्री पावणेअकराला,
वर ग्लेनची आई गाडीचा हॉर्न वाजवत असताना.
ग्लेन रडला वगैरे नाही.
कागदाची घडी खिशात घालून जिना चढला.

त्याच पुस्तकात, पान नऊ:
बाईच्या ताकदीला वेगळी रेघ.
दान कितीही चांगलं पडो, इथवरच.
मी गप्प बसले. माझं दान अठराचं होतं.
ऑरिनने कानावरची पेन्सिल काढली
आणि समासात लिहिलं,
'हे आमच्याकडे नाही.'
छापणाऱ्यांना तेवढं सुचायला
पुढे एक अख्खी आवृत्ती जावी लागली.

मग आवृत्त्या येत राहिल्या.
आकडे उलटे झाले, मोठा तो चांगला.
बुटके जादू शिकले. एल्फ काहीही होऊ लागले.
एकीत तर चौकटी मोजता मोजता
ड्रॅगन कंटाळून झोपला असता.
प्रत्येक नवं पुस्तक ऑरिन घरी आणायचा
आणि आधी काही वाचायचा नाही.
जुनं शेजारी उघडून
समास उतरवून घ्यायचा, पानामागून पान,
एखाद्या कारकुनासारखा.

आता त्याच्या पुतणीची मुलगी खेळ चालवते, टोवा.
तिचं पुस्तक काचेत आहे, बोटाने सरकतं,
त्याला समास नाही.
ऑरिन बाजूला बसतो, गुडघ्यांवर रग घेऊन,
झटक्यानंतर त्याचा उजवा हात थोडा उशिरा ऐकतो.

मागच्या गुरुवारी ग्लेनने खिशातून घडी काढली.
मध्ये अंकांच्या चौकटीत
खोडून खोडून पडलेलं भोक.
'नव्या नियमांत,' टोवा म्हणाली, 'हा लगेच मेला नसता.
त्याला तगायला फासे टाकायला मिळाले असते.'
आम्ही सगळे भट्टीकडे बघत राहिलो.
मला वाटलं ग्लेन नको म्हणेल,
जो ज्या नियमांत गेला तो त्या नियमांत गेला,
असलं काहीतरी वयाला शोभेलसं.
त्याने माझा फासा मागितला.

पहिलं दान हुकलं. दुसरं लागलं.
असं करत दोन्हीकडे दोन दोन झाले.
शेवटचा फासा घरंगळत गेला आणि
पिझ्झाच्या खोक्याला टेकून थांबला,
कलता, सतरा आणि तीनच्या मधोमध.

'परत टाक,' मी म्हणाले.
'सतरा आहे,' ग्लेन म्हणाला, 'मान वाकडी करून बघ.'
टोवा बोटाने पानं सरकवत होती.
'कललेल्या फाशाबद्दल इथे काहीच नाही.'
'कुठल्याच आवृत्तीत नाही,' ऑरिन म्हणाला,
त्या संध्याकाळचं त्याचं पहिलं वाक्य,
आणि त्याचा हात, सावकाश, सवयीने,
कानाकडे गेला.